कामटी

शीर्षक दोन रेघांच्या मधे.
लेखकाखाली संस्था, संस्थेखाली पिन कोड.
जर्नलने पाठवलेला साचा एवढंच बोलतो,
आणि एखादा स्वल्पविराम चुकला
की बोलणंच टाकतो.

तलावाच्या पाळीवर एक खोली आहे.
मासे तोलायचा काटा, बर्फाची थर्माकोल पेटी,
पेटीवर माझा लॅपटॉप.
नेट गावात नाही, इथे येतं,
तेही, पतिराम म्हणतो, वारा पडल्यावर.

तीन वर्षांचे आकडे एका फाइलीत,
मजकूर दुसरीत, मधे कोड.
एकही आकडा मी हाताने टाइप केलेला नाही,
असं नागपूरला जरा तोऱ्यातच सांगून आले आहे.
एक कळ दाबली की तक्ते उभे राहतात,
आलेख आपापल्या चौकटीत जाऊन बसतात,
संदर्भ वर्णक्रमाने रांग लावतात,
रेशनच्या दुकानापुढे कधी लागत नाही तशी.

चौरा लावला, चिला लावला तळाच्या गाळात,
कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून,
आणि दुसऱ्या वर्षी लहान मासोळ्या वाढल्या.
लक्षणीय वाढल्या.
तक्ता तीनमध्ये त्या वाढीवर तारा आहे.

पतिराम वलथरे दारात बसून जाळं विणतो.
डाव्या हातात बांबूची कामटी,
तिच्याभोवती सूत, गाठ, कामटी सरकव, पुन्हा सूत.
डोळ्यामागे डोळा, सगळे एका मापाचे.
त्याला मी माझा साचा दाखवला.
तो हसला. "हे त कामटीच हाय."

मग आलेखाकडे बघत राहिला.
"हा उंच खांब कोन्या सालचा?"
दुसऱ्या.
सूत थांबलं.
"त्या साली माही कामटी मोडली होती, मॅडम.
नवी सोलली थे अर्ध्या बोटानं बारीक.
बारीक डोयातून बारीक मासोळी
सुटन कशी?"

वजन लिहिलं होतं मी. लांबी, तारीख, पाण्याची खोली,
चंद्राची कलासुद्धा.

आढ्याला त्याचं जुनं जाळं टांगलेलं होतं.
व्हर्नियर लावला: तीस मिलिमीटर. नवं: बावीस.
आकड्यांत एक रकाना वाढवला, डोळा नावाचा.
कळ दाबली.
ओळ दोनशे बारा, कंस उघडा राहिला.
कंस मिटला. तेवढ्यात लाइन गेली.
बॅटरी अकरा टक्के, बाहेर पाणकोंबडी ओरडते आहे,
आणि लेख नव्याने जुळतो आहे:
उंच खांब खाली बसला,
तक्ता तीनवरचा तारा गळाला,
अकरा पानांची दहा झाली.
कुणी हळहळलं नाही. साच्याला त्याचं काय.

पण "लक्षणीय" तसाच राहिला.
सारांशात एकदा, निष्कर्षात एकदा,
आणि शीर्षकात, ठळक.
तो शब्द कुठल्या ओळीतून आलाच नव्हता;
तो मी टाइप केला होता, हाताने,
पहिल्या वर्षी,
आकडे यायच्या आधी.

तीन ठिकाणी खोडला.
नुसतं "आभार" लिहून भागेना.
लेखकांत दुसरं नाव घातलं: पतिराम वलथरे.
साचा अडला. संस्था सक्तीची आहे.
मी म्हटलं, काका, संस्था कोणती लिहू?
त्याने कामटीनेच वर दाखवलं,
माझ्या डोक्यावरची पाटी,
जिच्याखाली मी तीन वर्षं बसते आहे:
ढिवर समाज मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था मर्यादित,
मग गाव, तालुका, नोंदणी क्रमांक.

"पुरा लिहा," तो म्हणाला, "नंबरासकट."
पुरं लिहिलं.
नाव इतकं लांब
की साच्याने आपणहून
दुसरी ओळ दिली.